कबूल केलेल्या तीन शिट्ट्या

आमच्याकडे फॉस्टरिंगसाठी, म्हणजे सरकारतर्फे काही काळ सांभाळायला आलेली सहा वर्षांची मुलगी पंधरा दिवस नुसत्या टोस्ट आणि दुधावर होती. सोमवारी सोशल वर्कर येणार होती. तोपर्यंत मुलगी घरचं काही खायला लागली नसेल, तर तिला दुसरीकडे हलवावं लागेल, हे त्या बाईने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं. मला त्या गोडव्याचाच संताप आला. फोन ठेवला आणि रडले.

मुलीने आजवर एकाच पदार्थाचं नाव काढलं होतं: आई करायची त्या क्रीमी टूना नूडल्स, वर चीज घालून भाजलेल्या. मी रत्नागिरीची. डब्यातला मासा म्हणजे माझ्या मते माशाचा अपमान. पण गरजवंताला अक्कल नसते. टूनाचे दोन डबे, मशरूम सूप, नूडल्स, चीज असं सगळं आणलं आणि नेमका रविवारी ओव्हन बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, मंगळवारी येतो. राहिला कुकर.

कुकरचीच तर धास्ती होती. ती आली त्या संध्याकाळी मी भात लावला होता. पहिल्याच शिट्टीला पोर किंचाळत जिन्याखालच्या कपाटात शिरली ती तासभर बाहेर आली नाही. तेव्हापासून ती शाळेत गेली की मगच मी कुकर लावत असे.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. आमचं बोलणं इंग्रजीतच चाले.

"कुकर ओरडणार आहे. पण मोजून ओरडेल."

"किती वेळा?"

"तीन." सवयीने तोंडातून गेलं. वरण-भाताच्या तीन.

"नक्की तीन?"

"नक्की."

ती जिन्याच्या पायरीवर कानांवर हात ठेवून बसली. सूप, पाणी, टूना, नूडल्स घालून मी झाकण लावलं. पहिली शिट्टी झाली तसा पांढरा फेस शेगडीभर उडाला. तिने डोळे घट्ट मिटले, पण जागची हलली नाही. मग कानावरचा एक हात काढून एक बोट वर केलं.

"अगं, बंद कर!" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "नूडल्स आहेत त्या. अजून दोन शिट्ट्या म्हणजे टोटल पेस्ट. शी वोन्ट टच इट!"

त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. माझा हात बटणापर्यंत गेलाही. पण तिची आई 'दोन दिवसांत येते' असं सांगून गेली होती, आणि ते दोन दिवस अजून संपले नव्हते.

मी गॅस फक्त बारीक केला. म्हटलं, नूडल्स थोड्या तरी वाचतील. तर दुसरी शिट्टी येईचना.

"तू तीन म्हणालीस," जिन्यावरून आवाज आला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिट्टीपेक्षा ही वाट बघणं तिला जड जात होतं. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. मी गॅस मोठा केला.

दुसरी झाली. दोन बोटं. तिसरी झाली आणि मी गॅस बंद केला. वाफ जिरेपर्यंत शेगडीवरचा फेस पुसला.

झाकण उघडलं तर आत खिमट.

"करायला गेलो गणपती, झाला मारुती," नवरा पुटपुटला. क्रीम आणि चीज घालून ढवळलं, तरी खिमटच.

तिने चमच्याने ते उचलून पाहिलं. "आईचं असं नसतं."

"नाही. माझं बिघडलं," मी म्हटलं.

तिने चमचा खाली ठेवला. ती बराच वेळ कुकरकडे बघत राहिली, मग चमचा उचलला आणि एक घास खाल्ला. मग दुसरा.

"उद्या किती?" तिने कुकरकडे बोट दाखवून विचारलं.

उद्या सोमवार होता. संध्याकाळी ती या घरात असेल की नाही, हे माझ्या हातात नव्हतं.

"तीन," मी म्हटलं.