बांधलेलं पोट

आमच्या शिरड शहापूरला मोठ्या पोरीला लोक दोनच गोष्टी विचारतात. लग्न कधी, आणि ती पोलीस भरतीसाठी पळत असेल तर, ग्राउंड कधी. ग्राउंड म्हणजे मैदान नव्हे, मैदानी परीक्षेची तारीख. लग्नाचं विचारून विचारून लोक थकले होते. ग्राउंडचं उत्तर मला शेवटचंच द्यायचं होतं, कारण पुढच्या भरतीला मी वयात बसत नव्हते. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझं अपेंडिक्स फुटलं.

फुटेपर्यंत मी पळतच होते. पोटात कळ आली की दातओठ खायचे आणि पुढं जायचं, हेच आम्हा भरतीवाल्यांचं शिक्षण. हिंगोलीला नेलं तेव्हा दुर्बिणीनं भागण्यासारखं राहिलं नव्हतं, पोट उघडावं लागलं. सुट्टी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "वरचे टाके वाळले म्हणून फसू नका, आतले भरायला वेळ लागतो. आधी हळू चाला, मग जोरात चाला. पळायचं ते मी सांगेन तेव्हा. गोळाफेक तर डोक्यातूनच काढा. आणि दुखलं की तिथंच थांबा."

"ग्राउंडपर्यंत होईल का?" मी विचारलं.

"ग्राउंड कधी आहे?"

तारीख लागलेली नव्हती.

घरी आले आणि मायनं माझा ताबा घेतला. तिचा न्याय सरळ होता. "पोट उघडलं म्हंजे बाळंतपणच की. लेकरू निघो न्हाईतर आणखी काही निघो." तिनं पेटीतलं जुनं लुगडं काढलं, मऊ झालेलं, त्याचा पट्टा फाडला आणि माझं पोट करकचून बांधलं. कानाला रुमाल, खायला डिंकाचे लाडू. शेजारची काकू बघायला आली ती दारातच थबकली. "अवं, पोरीचं लगीन व्हायचं हाय. कान तरी सोड तिचे." माय म्हणाली, "कानात वारं शिरल्यावर लगीन व्हतं का?" मला हसू आलं आणि हसल्यावर टाक्यांनी जीव घेतला. पण पट्टा बांधला की बरं वाटायचं, हे खोटं नाही.

मी चालायला लागले. हळद काढायचे दिवस होते. बायका टोपल्या घेऊन रानात निघायच्या आणि सगळ्या मला मागं टाकून जायच्या. आठशे मीटरला मी कधी कुणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं. आता काठी टेकत जाणारी एक म्हातारीही माझ्यापुढं गेली आणि वळून म्हणाली, "काहून माय, पाय मुरगळला का?" भरतीच्या पोरी झुंडीनं पळत जायच्या. "ताई, ग्राउंड कधी?" असं ओरडायच्या आणि उत्तराला थांबायच्या नाहीत. मी रस्त्याच्या कडेला होऊन त्यांना वाट द्यायचे. त्या पोरींचा मला राग यायचा, माझ्या पोटाचा त्याहून जास्त.

मग मोबाइलवर तारीख आली. फार जवळची होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मायला म्हटलं, उद्यापासून पट्टा आणखी घट्ट बांध. डॉक्टरांना मी विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं.

मी पळायला लागले. आधी डुगडुग, मग बऱ्यापैकी. आणि दुखेना. दुखलं की थांबा म्हणाले होते ना डॉक्टर, मग दुखतच नव्हतं तर कशाला थांबू? घरी येऊन मायच्या गळ्यात पडले. तिनंही कौतुकानं पट्ट्याच्या गाठीवर हात फिरवला.

एक दिवस मायनं पट्टा धुतला आणि तो वेळेवर वाळला नाही. मी तशीच निघाले. गाव मागं पडायच्या आत टाक्याच्या जागी अशी कळ निघाली की मी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले ती उठूच शकेना. तिथं हात लावला तर बोटाखाली काहीतरी मऊ फुगलेलं लागलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोट बरं झालंच नव्हतं. पट्ट्यानं फक्त त्याचं तोंड बांधलं होतं.

माय मला पट्टा बांधूनच हिंगोलीला घेऊन गेली. डॉक्टरांनी तो सोडला, मला खोकायला लावलं, फुगा दाबून पाहिला. "आतला भाग सैल पडलाय. आता पळालात तर पुन्हा ऑपरेशन. हे कुणी बांधलं?"

"म्या," माय म्हणाली. "मला माझ्या सासूनं असंच बांधलं व्हतं."

"बांधायला हरकत नव्हती, बाई. बांधून पळायला होती."

येताना एसटीत माय खिडकीकडं तोंड करून बसली होती.

ग्राउंडच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत मी उठले, बूट घातले आणि पट्टा मायच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, "बांध. एकदाच. मग पोट फाटलं तरी चालंल."

"न्हाई."

मी पाया पडले. मग भांडले. तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्या ह्या चिंधीपायी गेलं माझं ग्राउंड."

"व्हय," ती म्हणाली. तिनं पट्टा उचलून चुलीत घातला. मग पायात चपला सरकवल्या, माझा हात धरला. "चल. चालून येऊ."

आम्ही दोघी हळदीच्या रानाच्या कडेनं निघालो. ती जन्मात कधी कामाशिवाय चालली नव्हती, त्यामुळं मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. उजाडलं. ऊन वर आलं. तिकडं माझा नंबर पुकारला असेल, कुणी ओ दिली नसेल, पुढचा नंबर घेतला असेल. मी चालत होते. पोटात काहीच दुखत नव्हतं.

"दुखून राहिलं का?" मायनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

ती तिथंच थांबली.