शोभाकाकूंचं बटण

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय ते बहुतेक तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच. ओळखीच्या माणसाकडे पाहिलं की हे तोंडातून निघतच नाही. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा शेवटी मी चहात साखर जास्त झाली असं काहीतरी बोललो.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. मी नागपूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रोग्रॅम लिहीत नाही, माणसांशी बोलतो. ज्याच्यासाठी अ‍ॅप बनवायचं तो माणूस सकाळपासून काय काय करतो, कुठं अडतो, कुठं वैतागतो — हे विचारून यायचं आणि ऑफिसच्या भिंतीवर चिठ्ठ्यांनी मांडायचं. वर पिवळ्या चिठ्ठ्या, डावीकडून उजवीकडे: हा त्याचा प्रवास. प्रत्येक पिवळीखाली निळ्या: त्या पायरीवर अ‍ॅपनं त्याच्यासाठी काय करायचं. मग निळ्यांच्या मधून एक आडवी लाल टेप. टेपच्या वर जे राहिलं ते पहिल्या रिलीजमध्ये. खालचं पुढं कधीतरी. सोपं काम आहे हो. माणूस खरं बोलत असेल तर.

तेव्हा आम्ही डायलिसिसच्या पेशंटसाठी अ‍ॅप करत होतो. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडून राहावं लागतं, आणि मशीन मोजक्या. म्हणून अ‍ॅपवर वेळ घ्यायची, आदल्या संध्याकाळी ‘येणार’ हे बटण दाबायचं, आणि मशीन बिघडली तर सेंटरनं मेसेज पाठवायचा. मला आठ पेशंटशी बोलायचं होतं. त्यातले पाच आमच्या गावाकडचे निघाले, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातले. दोन पांढुर्ण्याचे, एक लोधीखेड्याचा, एक मोहगावचा. आणि पाचवी सौंसरला आमच्याच गल्लीतली, शोभाकाकू.

काकू अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. आमच्या गल्लीतलं एक पोर असं नाही की ज्याला त्यांनी तराजूला टांगून तोललं नाही. मीही त्यातलाच. त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड नसायची, आणि याचा त्यांना गर्व होता — चांगला घसघशीत गर्व. सुपरवायझर बाई आपलं रजिस्टर दुसऱ्या सेविकांना नेऊन दाखवायची, हे त्या भाजी निवडता निवडता सुद्धा सांगत. मी वही काढून बसलो तर म्हणाल्या, नीट लिही, अक्षर तुझं पहिल्यापासून कोंबडीच्या पायाचं.

मग त्यांनी मला त्यांचा दिवस सांगितला. पहाटे चारला उठणं, डबा, सव्वापाचची नागपूरची बस. सेंटरचं दार उघडायच्या आत त्या पायरीवर बसलेल्या असत. मशीन बंद आहे हे सेंटरवाल्यांना आदल्या संध्याकाळीच कळलेलं असायचं, पण निरोप ते पाठवायचे सकाळी नऊला, काउंटर उघडल्यावर. नागपूरच्या माणसाला नऊला कळलं तर तो घरीच थांबतो. काकू नऊला तिथं पोचलेल्या.

“बाबू,” त्या म्हणाल्या, “दुसरं काही नको करू. मशीन बंद राहीन त आदल्या रोजीच सांगत जा. एकदा बसमंदी बसलं का मंग काही उपाव नाही राहत.”

मी ते लिहून घेतलं. भिंतीवर सगळ्यात डावीकडे पिवळी चिठ्ठी लावली, ‘पहाटे सव्वापाचची बस’. तिच्याखाली निळी, ‘मशीन बंद असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा’. इथपर्यंत मी बरा माणूस होतो. इथंच थांबता आलं असतं तर!

मीटिंगमध्ये मंदार सर, म्हणजे आमचे मालक, भिंतीसमोर उभे राहिले. म्हणाले, हे काय, आपल्या अ‍ॅपमध्ये बस कुठून आली? सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी सरळ विचारलं — आणि त्यांनी विचारलं ते बरोबरच होतं, त्यात त्यांची काही चूक नाही — की असे लांबून येणारे पेशंट किती?

आठातले पाच. माझ्या वहीत होते.

मी म्हणालो, एखाद-दोन असतील सर.

का? तुम्ही विचाराल. मी मलाही पुष्कळदा विचारलं. ऑफिसात बहुतेक पुण्या-मुंबईकडून आलेले, आणि त्यांना मी सांगितलेलं होतं की मी नागपूरचा. लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ‘करून राहिलो’ म्हणालो आणि पुढं महिनाभर सगळे एकमेकांना ‘काय करून राहिला बे’ करत फिरले. त्याआधी कॉलेजात कुणी म्हणालं होतं, सौंसर म्हणजे मध्य प्रदेश ना, मग मराठी कशी काय येते तुला? म्हणून गाव गिळून टाकलेलंच होतं, आता ‘करतोय’ म्हणायलाही शिकलो. आता पाच म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: तुला रे कसं माहीत सव्वापाचच्या बसचं? एवढीच भीती. एवढीशी. सरांनी निळी चिठ्ठी काढून टेपच्या खाली लावली, आणि मी मान डोलावली.

पण यासाठी मी लिहायला बसलो नाही. म्हणजे हेही आहेच. पण चिठ्ठी खाली जाते, रोजच कुणाची तरी जाते. माझं जे आहे ते याच्या पुढं आहे, आणि मी सारखा त्याच्या अलीकडेच घुटमळून राहिलो.

अ‍ॅप आलं. काकूंच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं. आमच्या प्रमोदनं बनवलं, असं त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलं, आणि मी सांगू दिलं. दोन महिने ठीक गेले. मग एका मंगळवारी त्या आणि काका नागपूरला पोचले, आणि सेंटरच्या दारात उभे असताना मेसेज आला. आज मशीन बंद. पुढची वेळ शुक्रवारची. दोघं परत आले. गुरुवारी काकूंना झोपून श्वास घेता येईना. पाय सुजले, तोंड सुजलं, छातीत पाणी भरलं. जीप करून नागपूरला नेलं आणि चार दिवस त्या दवाखान्यात होत्या.

मी रविवारी भेटायला गेलो. आई होती, काका होते. काकू उशीला टेकून बसलेल्या, हाताला सुई. मला पाहून त्यांना बरं वाटलं — हे मला सगळ्यात जास्त छळतं, की त्यांना बरं वाटलं. फोन उशाखालून काढून त्यांनी माझ्यापुढं धरला आणि हळूच, काकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं:

“बाबू, माह्याकडून काही चुकीचं दाबल्या गेलं का रे?”

त्यांनी काही चुकीचं दाबलेलं नव्हतं. हे मी फोन हातात न घेताही सांगू शकलो असतो. त्यांनी सोमवारी संध्याकाळी ‘येणार’ दाबलं होतं, जसं दाबायचं तसं. चूक टेपच्या खाली होती आणि ती कुणी तिथं जाऊ दिली ते मला माहीत होतं. पण आई माझ्याकडे पाहत होती. आमच्या प्रमोदनं बनवलं ना ते.

मी फोन घेतला, वर-खाली सरकवल्यासारखं केलं, आणि म्हणालो, “हो काकू. एक बटण राहून गेलं तुमचं. होते असं कधी कधी.”

हे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

काकूंचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्या रडल्या-बिडल्या नाहीत. त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाल्या, तुझ्या कामाले बोल लागला माह्यानं. आणि मी, पस्तीस वर्षांचा घोडा, त्यांना म्हणालो, जाऊ द्या काकू, मनाला लावून घेऊ नका. मोठ्या मनानं म्हणालो.

त्यानंतर त्यांनी फोनला हात लावला नाही. आदल्या संध्याकाळी काका चष्मा लावून एकेक शब्द मोठ्यानं वाचत आणि बटण दाबत, आणि काकू हात मांडीत घेऊन बाजूला बसत. मी सुट्टीत घरी गेलो की हे समोर दिसे. सांगून टाकावं असं प्रत्येक वेळी वाटलं. नुसतं वाटलं. चौथ्या रिलीजमध्ये ती निळी चिठ्ठी वर आली, आदल्या संध्याकाळचा मेसेज सुरू झाला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरीला दोन दिवस लागले. दोनच दिवस.

काकू पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. हार्टनं. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं. त्या मंगळवारमुळे गेल्या असं मी म्हणत नाही, आणि त्यामुळे नाही गेल्या असंही म्हणत नाही. मला ते कळायला काही मार्ग नाही.

तेरवी झाल्यावर काका फोन घेऊन आमच्या ओसरीत आले. म्हणाले, हे तुमचं आता काढून टाक याच्यातून. मी अ‍ॅप उघडलं. जुनी नोंद अजून होती: सोमवार, संध्याकाळ, ‘येणार’, पुढं हिरवी खूण. काका माझ्या शेजारी टेकले आणि त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला.

“मले एक दाखवून दे बाबू,” ते म्हणाले. “त्या दिवशी तिचं कोणतं बटण राहिलं होतं? आखरीपर्यंत विचारे, माह्यानं कोणतं चुकलं म्हणून. मी काय सांगू तिले?”

हिरवी खूण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मी पान बदललं आणि एका बटणावर बोट ठेवलं. म्हणालो, “हे.”

काका वाकून पाहत राहिले.

“हे त चांगलं मोठं आहे,” ते म्हणाले. “हे कसं नाही दिसलं तिले?”

मी अ‍ॅप काढून टाकलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.