शरयूवहिनींची भिंत

शरयूवहिनींबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलो की स्वतःचाच संताप येतो. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी तेव्हा सचिव होतो. वहिनी गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधून दोन बस बदलून यायच्या आणि दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये बायकांना भिंतीवर चढायला लावायच्या. बोटांनी.

पाळी गेल्यावर वहिनींचे स्वतःचे खांदे, कंबर, सगळं धरलं होतं. "या वयात व्हायचंच," असं जो तो सांगायचा. वहिनी भडकल्या. फिजिओथेरपिस्टकडे जाऊन भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम शिकल्या, मग इतरांना शिकवायला लागल्या. त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. "दुखतंय खांद्यात, मग दात कशाला आवळताय? जबडा सोडा! दुखेल तिथे थांबा, श्वास घ्या. सोसायला नाही आलात, अंगाचं ऐकायला आलात!"

माझी बायको सुधा तिथे जायची. तिचा उजवा खांदा आखडला होता. हळूहळू तिची बोटं खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पोचली. एका सकाळी तिने आपली वेणी आपण घातली आणि मला दाखवायला आली. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

मग मंडळातले ज्येष्ठ कुरकुरले. पाळी काय, अंगाची आग काय, हे हॉलमध्ये बोलायचे विषय आहेत? गणपतीतल्या नाटकाच्या तालमींचं कारण देऊन मी दुपारचा हॉल बंद केला.

वहिनी तडक माझ्यासमोर आल्या. "भावजी, तुमच्या नाटकातल्या राजाला तलवार उपसता यावी म्हणून सुधाने हात खाली ठेवायचा?"

मी हसलो. घरी सुधा भिंतीशी उभी राहिली की म्हणायचो, "काय गं, भिंत खाजवतेस?" तिने सोडून दिलं. खांदा पुन्हा धरला.

पुढे वहिनींच्या यजमानांची बदली झाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना मी त्यांच्या पुरणपोळ्यांचं तोंडभरून कौतुक केलं. व्यायामाचं नावही काढलं नाही. वहिनींनी माईक ओढून घेतला. "पुरणपोळी मला येत नाही, भावजी. ती सुधा करायची. आता तिला लाटणं रेटवत नाही."

माफी मागायची असं ठरवून मी त्यांना सोडायला हावड्याला गेलो. गाडी हलली तेव्हा तोंडातून निघालं, "पोचलात की फोन करा."

त्या गेल्याचं मागच्या वर्षी त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. सुधाची वेणी आता मी घालतो. वाकडीच होते.

वहिनी, तालमी संध्याकाळी असायच्या. दुपारी हॉल रिकामाच होता. कुलूप मी लावलं. चुकलो, वहिनी.