पाकिटावरची रुबिना

मेहकरच्या शकूर पेंटरला एक खोड होती. भिंतीवरची जाहिरात बियाण्याची असो, सिमेंटची असो की दंतमंजनाची, खाली ‘शकूर पेंटर, मेहकर’ आणि मोबाइल नंबर तो इतका ठसठशीत लिहायचा, की लांबून वाटावं, विकायला शकूरच काढलाय. मी त्याच्यावर पुष्कळदा डाफरलो, की बाबा, कंपनीचं नाव तरी जरा मोठं काढ. तो म्हणायचा, “गुरुजी, कंपनी टीव्हीवर बी दिसते. मले भिंतच हाय.”

मी मास्तर. त्याची मुलगी रुबिना माझ्या पहिलीच्या वर्गात होती. बीटी कपाशी तेव्हा नवी नवी आली होती. एका बियाणे कंपनीच्या साहेबाने शकूरला उंद्रीच्या रस्त्यावरची भिंत दिली आणि शेतकऱ्याच्या लक्षात राहील असं काहीतरी काढायला सांगितलं. शकूरने फुटलेलं बोंड काढलं आणि कापसाच्या मधोमध रुबिनाचा चेहरा. तिचा पुढचा दात नुकताच पडला होता. पोरगी खुदकन हसतेय आणि दाताच्या जागी खिडकी! साहेबाने फोटो काढला, शकूरला चहा पाजला आणि गेला. पुढच्या हंगामात रुबिना बियाण्याच्या पाकिटावर आली, खिडकीसकट.

कुणी विचारलं नाही, कुणी कागद केला नाही. शकूरलाही त्यात वावगं वाटलं नाही. त्याने माझ्या वर्गात पेढे वाटले. त्याच्या बायकोने, अमीनाने, एक रिकामं पाकीट काचेच्या फ्रेममध्ये घालून घरात लावलं. मीही पेढा खाल्ला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. एवढा शिकलेला मी, पण पेढ्याआधी कागद हवा हे काही सुचलं नाही.

वीसेक वर्षं गेली. रुबिना लग्न होऊन लोणारला गेली. एक दिवस मोटारसायकलवर कुणी माणूस आला आणि शकूरला म्हणाला, त्याच पोरीच्या तीन भिंती काढा, खाली नाव मात्र दुसऱ्या बियाण्याचं. शकूरने मागचापुढचा विचार केला नाही. पोरगी आपली, हात आपला, नाव दुसरं लिहायला काय जातं? तीन भिंती काढल्या आणि सवयीने खाली आपला नंबर ठोकला.

बियाणं बोगस निघालं. त्या माणसाने भिंतीचा फोटो गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवला होता, नंबरासकट. जून सरता सरता शकूरचा फोन वाजायला लागला. सरकी उगवली नाही, तुमचं दुकान कुठं आहे, भरपाई कोण देणार. मोटारसायकलवाल्याचा फोन बंद. आणि त्याच नंबरावरून माग काढत खऱ्या कंपनीच्या वकिलाची नोटीसही शकूरच्या दारात आली.

नोटीस इंग्रजीत, म्हणून तो माझ्याकडे आला. मी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. कंपनीचं म्हणणं असं: आमच्या नोंदणीकृत छापेची, म्हणजे ट्रेडमार्कची, तुम्ही भिंतींवर आणि इंटरनेटवर नक्कल केली. ती पुसा. हे किंवा यासारखं दिसणारं चित्र यापुढे कधीही काढणार नाही, असं लिहून द्या.

“नक्कल?” शकूर म्हणाला. “म्या माह्या पोरीची नक्कल केली?”

आम्ही हिंमतराव वकिलांकडे गेलो.

“चित्र तुम्ही काढलं, तर त्यावर हक्क सांगता येईल,” ते म्हणाले. “पण पुरावा पाहिजे. ती पहिली भिंत कुठे आहे?”

“तिच्यावर मंग सिमेंटची जाहिरात आली. म्याच रंगवली.”

“दुसरं काही?”

“पाकीट हाय घरी. फ्रेम केलेलं.”

“त्यावर नाव कंपनीचं. म्हणजे तो पुरावा त्यांचा झाला.”

“मंग पोरगी कोनाची, वकीलसाहेब?”

“पोरगी तुमची. चित्र कदाचित तुमचं. छाप कंपनीची.”

शकूर माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे. एकाच चेहऱ्याच्या तीन वाटण्या मला जन्मात कुणी शिकवल्या नव्हत्या.

घरी येताना मात्र तो पेटला होता. “लढतो गुरुजी. माही पोरगी म्या नाही काढाची तं कोन काढंल?” मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उंद्रीचा शेतकरी कडूबा आला. ओट्यावर टेकला. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

“शकूरभाई, मले वाचता येत नाही,” तो म्हणाला. “इतकी वर्सं या पोरीचं तोंड पाहून बियानं घेतो. भिंतीवर दिसली, म्हनलं हेच हाय. वावर तसंच पडलं आता.”

तो पाणी पिऊन गेला. शकूरने चुना कालवला. मग बादली घेऊन निघाला आणि तिन्ही भिंती स्वतःच्या हाताने पांढऱ्या करून आला. कंपनीने मागितलेल्या कागदावर सहीही केली.

मी चिडलो. “लढणार होतास ना?”

“कोनासाठी, गुरुजी? कडूबा त्या पोरीले पाहून फसला. पोरगी माही म्हनलं, तं फसवलं बी माह्याच पोरीनं.”

 

यंदा मे महिन्यात रुबिना माहेरी आली. तिची मुलगी सबीहा सहा वर्षांची. मी गेलो तेव्हा ती आजोबांचा ब्रश घेऊन त्यांच्यामागे लागली होती. “नाना, मेरी तस्वीर बनाओ ना.” हसली, तर पुढचा दात पडलेला. मी दचकून फ्रेममधल्या पाकिटाकडे पाहिलं. काडीचा फरक नव्हता.

शकूरने सही केलेल्या त्या कागदाची प्रत ट्रंकेतून काढून माझ्यापुढे धरली. “गुरुजी, ‘यासारखं दिसनारं’ लिहेल हाय. त्याच्यात हे बी येते काय?”

मी कागद पुन्हा वाचला. नातीबद्दल त्यात काही नव्हतं. जन्मभर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेला मी म्हणालो, “शकूर, मला माहीत नाही.”

शकूरने कागद घडी घालून ठेवला. मग सबीहाला समोर बसवून हळूच म्हणाला, “बेटा, मुंह बंद रख. हंसना मत.”

सबीहाने ओठ घट्ट मिटले, आणि शकूरने ब्रश रंगात बुडवला.