कडुलिंबावरचा गुलाम नबी

अकोल्याकडच्या मालेगावात गुलाम नबी कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. फौजेच्या छावणीत वर्षभर हमाली करताना तो रेडिओच्या तारा जोडायलाही शिकला होता. म्हणून १९४३च्या चैत्रात रामराव पाटलांनी त्याला आपल्या गावी बोलावलं. पाटलांनी अकोल्याहून बॅटरीचा रेडिओ आणला होता, आणि तो नुसता खरखरत होता. त्याच दुपारी तहसीलदार लढाईच्या बातम्या ऐकायला येणार होते.

गुलाम नबीनं गावाकडं पाहिलं. तिन्ही बाजूंनी सागानं भरलेल्या टेकड्या, मध्ये खोलगट गाव, आणि वाड्याला लागून पाटलांची पिठाची चक्की.

"पाटील, टेकड्या आवाज अडवून राह्यल्या. तार उंच पाह्यजे. अन् हे खरखर तुमच्या चक्कीच्या इंजनाची हाये. घंटाभर बंद ठेवा."

"तुह्या सांगण्यानं माही चक्की बंद? चढ त्या लिंबावर."

चक्कीपासून दूरच्या कडुलिंबावर तो तार घेऊन चढला. शेंड्यावर जाऊन त्यानं हात उंच केला, आणि वाड्यात दिल्लीचा आवाज स्वच्छ उमटला. तार ओल्या फांदीला टेकली की तो दबायचा.

"सुका बांबू द्या, बांधून देतो," तो वरून ओरडला.

"बांबू कायले? तू हायेस ना!" पाटील म्हणाले. तोवर येऊन बसलेले तहसीलदार पोट धरून हसले.

बातम्या संपल्या, गाणी लागली. भाकर बांधून त्याच्यासोबत आलेली त्याची बायको अमीनाबी पाटलांच्या पायाशी बसली. "मालक, त्याईचे पाय कापून राह्यले. उतरू द्या."

"तो उतरला का गाणं जाते," पाटील म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडूनच पाहुण्यांना पाणी वाढून घेतलं.

दिवस मावळताना फांदी मोडली. गुलाम नबी दगडांवर पडला. वाड्यातून पाटलांचा आवाज आला, "अरे, बंद कसा पडला?"

कंबर कायमची गेली. दुसऱ्याच दिवशी पाटलांच्या गड्यानं लिंबाला बांबू बांधला.

पुढं अमीनाबीच मालेगावच्या दुकानात बसून फुटक्या डब्यांना कथलाचा डाग द्यायची. गुलाम नबी मागं बाजेवर पडून कसं करायचं ते सांगायचा. एकदा तिनं विचारलं, "हात भरून आले होते, तं तार टाकून काहून नाई देल्ली?"

तो म्हणाला, "आवाज लय साफ येऊन राह्यला होता."

अमीनाबीनं हातातला डबा त्याच्या अंगावर फेकला.