पहिला आकडा

चऱ्होलीच्या कुलदीप तापकीरनं शिफ्टचं वेळापत्रक मांडणारी ओपन-सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा तयार कोड, लिहिली, पण सहा वर्षं आवृत्तीचा आकडा ०.९ वरच ठेवला. शून्याच्या जागी एक लावला, की 'आता हे पक्कं' असा शब्द दिल्यासारखं होतं. या भित्रेपणाला तो नम्रता म्हणायचा.

मग चाकणच्या कारखान्यातून नेहाची मेल आली. "सर, शून्यानं सुरू होणारं काही वापरायचं नाही, असा इथं नियम झालाय. तुमचं काढू का?" लायब्ररी वापरणारी जगात ती एकटीच.

बायको अपेक्षा म्हणाली, "मला बघायला आलात, तेव्हा पोहे संपायच्या आत शब्द दिलात की."

कुलदीपनं १.०.० सोडली. अर्ध्या तासात चूक दिसली, म्हणून खालमानेनं १.०.१ सोडली.

नेहानं लिहिलं, "चालतंय सर. पहिला आकडा तेवढा हलवू नका."