तुंबीतलं पाणी

चोपड्याजवळच्या एका खेड्यात झुंबरबाई कुंभारीण राहायची. नवरा वारला आणि चाक थांबलं. चाकावर बाईनं बसायची रीत नव्हती, आणि मुलगा पितांबर मातीत कधी रमलाच नाही. तो कपाशीवर औषध फवारायला मजुरीनं जाई. सून मंदा निंदणीला जाई, तेव्हा पाच वर्षांच्या बेबीलाही बरोबर नेई.

एक्याण्णव साली पितांबरनं मळ्यातून औषधाचा रिकामा कॅन घरी आणला. जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, पोरीला उचलता येईल एवढा. असे कॅन गावात घरोघरी होते. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी पाणी. मंदानं तो राखेनं घासला, गरम पाण्यानं विसळला, उन्हात वाळवला.

झुंबरबाईनं हुंगून पाहिलं. "वास येस अजून."

"बठ्ठा धोयेल शे, आत्याबाई," मंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या बाभळीखाली बेबी त्यातलं पाणी प्यायली. "कडू लागस," म्हणाली. पण ऊन फार होतं, म्हणून पुन्हा प्यायली. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, हातपाय थरथरायला लागले. पितांबर तिला खांद्यावर टाकून सडकेपर्यंत पळाला. केळीच्या एका ट्रकवाल्यानं त्यांना घेतलं. चोपड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेली होती.

पोरीचं दिवसकार्य झाल्यावर झुंबरबाईनं तो कॅन विळ्यानं चिरला. उचलायची मूठ आतून पोकळ होती आणि तिथं औषधाचा पिवळट चिकटा बसलेला होता. तिथं ना हात पोचला असता ना राख. तिनं तो मंदाला दाखवला नाही. पण पितांबरनं पाहिला, आणि त्या दिवसापासून तो बायकोच्या हातचं पाणी प्यायचा बंद झाला. भांडला नाही. महिन्याभरात मंदा पिंपळनेरला माहेरी निघून गेली.

झुंबरबाईनं हातानंच माती थापून लहान मुलांसाठी पाण्याची भांडी केली. एका बाजूनं चपटी, म्हणजे कमरेला नीट बसतील. दोरी ओवायला दोन कान. आणि तोंड एवढं रुंद की आत बोटं फिरवून घासता यावं. बालवाडीच्या लिलाबाईंनी ती मुलांच्या गळ्यात अडकवली. पण मुलं धावली, पडली, भांडी फुटली. एका पोराचा गुडघा खापरीनं चिरला. लिलाबाईंनी उरलेली परत पाठवली.

पुढं झुंबरबाई सुनेला आणायला पिंपळनेरला गेली. मंदा आली नाही. तिकडे शेतावर जाणाऱ्या आदिवासी बायांच्या खांद्याला वाळक्या कडू भोपळ्याच्या तुंब्या लटकत होत्या, पाण्यानं भरलेल्या. झुंबरबाई एका बाईकडून बी मागून घेऊन परतली.

परसात वेल वाढला. फळ कोवळं असतानाच ती त्याच्या मानेला चिंधी आवळून बांधी, म्हणजे मान पोराच्या मुठीत मावेल एवढी बारीक राही. तळाला चपटा दगड टेकवला की फळाला बूड येई. वाळल्यावर वरचा भाग कापायचा, आतला गर सुटावा म्हणून खडे घालून हलवायचं, कडवटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. तुंबी हलकी होती, पडली तरी सहसा फुटत नव्हती.

तरी गाव हसलं. "अक्का, मना पोर काय गोसावी शे का? भीक मांगाले लावशी का त्याले?" शेजारच्या बेबाबाईनं दारातूनच तुंबी परत केली. चोपड्याच्या बाजारात लाल-निळ्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या होत्या. ज्यांना जमलं त्यांनी त्या घेतल्या. ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडे औषधाचे कॅन तसेच राहिले. थोड्या मजूर बायांनी मात्र तुंब्या नेल्या.

शेवटी पितांबर स्वतः पिंपळनेरला जाऊन मंदाला घेऊन आला. मुलगा झाला. तो बालवाडीत जायला लागला तेव्हा झुंबरबाईनं सगळ्यात चांगली तुंबी निवडून भरली आणि सुनेच्या हातात दिली. मंदानं ती बराच वेळ धरून ठेवली. मग मोरीत पाणी ओतून टाकलं.

"तुमनी तुंबी चांगली शे, आत्याबाई. पन मना हात धजत नही."

ती रोज दुपारी निंदणी सोडून तांब्या घेऊन बालवाडीत जायची. पोरासमोर बसायची. आधी स्वतः घोट घ्यायची, थोडं थांबायची, आणि मग त्याच्या तोंडाला तांब्या लावायची. मुकादम ओरडायचा. तरी ती जायचीच.